‘क्रीडा प्रतिनिधी’ मेल्यावर त्याच्या वह्यांचं काय करायचं?

प्रति,
महाराष्ट्रातल्या मराठी दैनिकांचे संपादक आणि रेडिओ केंद्रांवरचे कार्यक्रम अधिकारी यांस

सप्रेम नमस्कार.

माझं नाव सांगून उपयोग नाही, ते तुमच्या कानावर कधी आलेलं नाही. तुमच्यातल्या दोघा-तिघांच्या दैनिकांत मी तीस वर्षांहून जास्त काळ खेळाच्या बातम्या देत आलोय, पण बातमीवर कायम गावाचं नाव, तारीख आणि ‘क्रीडा प्रतिनिधी’ एवढंच. त्याची तक्रार करायला हे पत्र नाही. (थोडी आहे, ती पुढे येईलच.) पत्राचं कारण असं की शेजारच्या तालुक्यातले क्रीडा प्रतिनिधी गेल्या पावसाळ्यात वारले, आणि मी त्यांच्या घरी पोचेपर्यंत त्यांच्या वह्या रद्दीवाल्याच्या हातगाडीवर चढल्या होत्या. गाडी कोपऱ्यावर गाठली. तीन वह्या हाती लागल्या. बाकीच्या आदल्या दिवशीच गेल्या होत्या.

वहिनींना मी बोल लावत नाही. चाळीस वर्षं त्या वह्यांनी घरातला एक अख्खा फडताळ अडवला होता आणि त्यांचा काही उपयोग असतो असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आपणही नाही.

ते शाळेत पी.टी.चे शिक्षक. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. तालुक्यातले निम्मे क्रीडा वार्ताहर तुम्हाला असेच सापडतील: कुणी पी.टी.चा शिक्षक, कुणी पंच, कुणी गुडघा गेलेला जुना खेळाडू. गळ्यात शिट्टी, खिशात वही. मी नववीत असताना त्यांनी मला खो-खोच्या सामन्याला गुण लिहायला बसवलं. ‘खेळ बघू नकोस, वही बघ’ असं म्हणाले आणि दहा मिनिटांनी परत येऊन म्हणाले, ‘वही बघू नकोस, खेळ बघ.’ दोन्ही एकाच वेळी कसं करायचं हे कळायला मला पुढची चार वर्षं लागली.

बातमी पोचवणं हा त्या काळात अर्धा धंदा होता. सामना साडेपाचला संपला की सर तिथेच मैदानाच्या कडेला उकिडवे बसून कागदावर बातमी उतरवायचे. ती पाकिटात घालून सहाच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची, जिल्ह्याच्या स्टँडवर कार्यालयाचा शिपाई ते पाकीट घ्यायचा. बस चुकली तर बातमी चुकली. एकदा अंतिम सामना जादा डावात गेला, तेव्हा सरांनी ड्रायव्हरला सात मिनिटं थांबवून धरलं होतं. प्रवाशांनी आरडाओरडा केला. निकाल काय लागला हे कळल्यावर त्यातलेच चारजण खाली उतरून चर्चा करायला लागले. एवढं करूनही डाक आवृत्ती, म्हणजे गावोगावी जाणारा लवकर छापलेला अंक, आधीच सुटलेली असायची, म्हणजे ज्या गावात सामना झाला त्या गावाला स्वतःची बातमी परवा वाचायला मिळायची. मोबदला कॉलम सेंटीमीटरवर. महिनाअखेरीस कात्रणं कागदावर चिकटवून, पट्टीने मोजून बिल पाठवायचं. मोजताना सर मथळासुद्धा धरायचे आणि कार्यालय तो नेमाने वजा करायचं.

सरांचा आवाज चांगला होता. आमच्या भागातल्या रेडिओ केंद्राने त्यांना नैमित्तिक, म्हणजे लागेल तेव्हाचा, समालोचक म्हणून बोलावलं आणि मग पंधराएक वर्षं जिल्ह्याची कबड्डी, यात्रेतल्या कुस्त्या, शालेय स्पर्धा, जे मिळेल त्याचं धावतं वर्णन त्यांनी केलं. शाळेत सर्वांना शांत बसवणारा हा माणूस मायक्रोफोनपुढे बसला की वेगळा व्हायचा. त्यांचे नियम मला अजून पाठ आहेत. गुणफलक दर दोन मिनिटांनी सांगायचा, कारण कुणीतरी आत्ताच शेतातून येऊन रेडिओ लावलेला असतो. चढाईपटू ‘डावीकडे गेला’ असं म्हणायचं नाही. डावीकडे म्हणजे कुणाच्या? चहाच्या टपरीकडच्या बाजूला, चिंचेच्या झाडाकडच्या बाजूला, असं म्हणायचं. कुस्तीत डावाचं नाव नंतर, आधी गाव, तालीम आणि वस्ताद. पैलवान हरला तरी वस्तादाचं नाव ऐकायला त्याच्या तालमीतले सगळे रेडिओभोवती बसलेले असतात. आणि गर्दी ओरडायला लागली की आपण गप्प बसायचं. हा शेवटचा नियम आजच्या टीव्हीवरच्या समालोचकांना कुणी शिकवील तर बरं.

त्यांच्या आवाजाची एकही टेप आज नाही. टेप महाग असायची, जुन्या कार्यक्रमावर नवा ध्वनिमुद्रित व्हायचा, तसा रिवाजच होता. मी कुणाला दोष देत नाही, फक्त एवढं सांगतो की पंधरा वर्षं एका जिल्ह्याने जो आवाज ऐकला तो आता फक्त आमच्यासारख्या साठी उलटलेल्या माणसांच्या कानात आहे.

मोठ्या नावांचं वेगळं असतं, आणि ते असावंही. १९३४ साली मुंबईत चौरंगी क्रिकेट स्पर्धेतल्या पारशी आणि मुस्लिम संघांच्या सामन्याचं इंग्रजीतून वर्णन करणारे बॉबी तल्यारखान आजही आठवतात; दिवसभर एकट्याने बोलायचे, मायक्रोफोन दुसऱ्याला द्यायचे नाहीत. महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले बाळ ज. पंडित यांच्यामुळे मराठी माणसाला क्रिकेट मराठीतून ऐकता येतं हे कळलं. ‘महाराष्ट्र टाइम्स’मधून वि. वि. करमरकरांनी मराठी दैनिकात खेळाला हक्काची जागा मिळवून दिली, आणि ती देताना क्रिकेटच्या बरोबरीने कबड्डी-खो-खोची कड घेतली. २०२३च्या मार्चमध्ये ते गेले तेव्हा सगळ्या दैनिकांनी आदराने लिहिलं. सर गेले तेव्हा चार ओळी आल्या, त्याही ‘निवृत्त शिक्षकाचे निधन’ म्हणून. त्या चार ओळी मीच पाठवल्या होत्या, अकरा ओळींच्या. खालून कापल्या गेल्या. खेळाचा उल्लेख खालच्या सात ओळींत होता, ही चूक माझी. बातमी खालून कापतात हे सरांनीच मला शिकवलं होतं.

तुम्ही म्हणाल, तालुक्याच्या स्पर्धेची नोंद ठेवून करायचंय काय?

क्रिकेटपटू भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट घ्या. १९४८च्या डिसेंबरात पुण्यात, पूना क्लबच्या मैदानावर, काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विक्रमी ४५२ला नऊ धावा कमी असताना पाहुणा संघ सामना सोडून घरी निघून गेला. महाराष्ट्र ४ बाद ८२६. कमल भांडारकरांबरोबरची भागी ४५५ची. या माणसाला पुढे एकही कसोटी मिळाली नाही. त्यांच्या नावावर जे आहे ते आहे कारण मैदानाच्या कडेला कुणीतरी पेन्सिलीने एकेक खूण करत बसला होता. ४९ चौकार आणि एक षटकार हे आपण आज ठामपणे सांगतो, ते त्या पेन्सिलीच्या जोरावर. ती पेन्सिल कुणाच्या हातात होती हे मी बऱ्याच जणांना विचारलं. क्रिकेटचे मोठे जाणकारही हसून विषय बदलतात.

किंवा कपिलदेवचे नाबाद १७५. १९८३, टनब्रिज वेल्स, झिम्बाब्वेविरुद्ध, ५ बाद १७ वरून. चित्रफीत नाही. जे आहे ते धावफलक आणि ज्यांनी पाहिलं त्यांनी लिहिलेलं.

आणि खाशाबा जाधव. गोळेश्वरचे, कराडजवळचे. १९५२ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक. तिथे जपानच्या इशीशी लढत झाल्यावर विश्रांती न देताच त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभं केलं, दाद मागायला आपला कुणी अधिकारी जवळ नव्हता, असं सांगतात. ‘असं सांगतात.’ स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकाची गोष्ट आपण सत्तर वर्षं ‘असं सांगतात’वर चालवतोय. कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली हे मात्र तपशिलाने माहीत आहे, कारण ती गावात निघाली आणि गावातली माणसं ती बघत होती. पुढचं वैयक्तिक पदक महाराष्ट्रात यायला २०२४ उजाडलं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे.

मुरलीकांत पेटकर तर सांगलीच्या पेठ इस्लामपूरचे. १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्ण, भारताचं पहिलं. पद्मश्री २०१८मध्ये. मधली ४६ वर्षं मोजा. त्या काळात त्यांच्याबद्दल जे काही लिहिलं गेलं असेल ते कुणाच्या तरी कात्रणवहीत असेल, किंवा रद्दीत.

पण मला खरं सांगायचंय ते याहून लहान माणसांबद्दल. दोन वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या. पन्नाशीच्या आत-बाहेर. शाळेत असताना जिल्ह्याच्या संघातून खो-खो खेळलेल्या. त्यांच्या पुतणीच्या नोकरीच्या निमित्ताने घरात पाच टक्के खेळाडू आरक्षणाची, प्रमाणपत्र पडताळणीची बोलणी चालली होती, आणि तेव्हा दिरांनी हसून म्हटलं, तू कुठे खेळली होतीस, उगाच सांगतेस. बाईंचं प्रमाणपत्र माहेरच्या घरी पुरात गेलेलं. त्यांना नोकरी नको होती, आरक्षण नको होतं. दिरांना दाखवायला एक कागद हवा होता.

अडचण अशी की मुलींच्या बातम्यांत आम्ही ‘कु.’ लावून माहेरचं आडनाव लिहितो, लग्नानंतर नाव बदलतं, कधी आडनावासकट पहिलं नावही. म्हणजे निम्मा महाराष्ट्र ज्या नावांनी खेळला ती नावं आज कुणाचीच नाहीत. मी त्यांना विचारलं, शाळा कुठली, साल कुठलं, कुणाविरुद्ध. साल त्यांना आठवेना. ‘त्या वर्षी मैदानात खूप चिखल होता आणि पंच घसरून पडले होते,’ एवढं आठवत होतं. सरांच्या वहीत ते होतं. पंच पडल्याचंही होतं, समासात, ‘पंच पडले, हशा’ असं. आणि खाली त्यांचं माहेरचं नाव: २ मि. ४० से. नाबाद संरक्षण, आक्रमणात तीन गडी. संघ एक गुण आणि तीन मिनिटं राखून विजयी. बाईंनी त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढला. तेव्हा सर जिवंत होते, वही त्यांनीच कपाटातून काढून दिली. ते म्हणाले, ‘अगं, तू सूर छान मारायचीस.’ बाईंना रडू आवरेना.

ती वही आता नाही. वाचलेल्या तिनांत ती नव्हती.

प्रमाणपत्रं बनावट निघाल्याची प्रकरणं तुम्हीच छापता, पहिल्या पानावर. अमुक साली अमुक गावी ही स्पर्धा झालीच नव्हती, असं कुणीतरी चौकशीत सांगतं. झाली होती की नव्हती, हे ज्याच्या वहीत लिहिलेलं असतं त्याला मात्र कुणी विचारायला येत नाही.

आता माझ्या चुका. क्रीडा प्रतिनिधी म्हणजे कुणी संत नव्हे. मी चुकीचे निकाल पाठवलेत. दोनदा जिंकलेल्या संघाला हरवलंय; त्यातल्या एका गावातून पुढचं वर्षभर मी सायकलवरून न उतरता गेलो. आयोजकांनी दिलेलं जेवण जेवलो आणि मग खराब मैदानाबद्दल लिहिलं नाही. आणि सगळ्यात मोठं पाप म्हणजे बक्षीस समारंभ. बातमीत चौदा पाहुण्यांची नावं पदांसह, मग ‘प्रास्ताविक यांनी, सूत्रसंचालन यांनी, आभार यांनी’, आणि विजेत्या संघातला एकही खेळाडू नाही. एका वर्षी मी ठरवून उलटं केलं, खेळाडू वर आणि पाहुणे खाली. तुम्ही नेहमीप्रमाणे खालून कापलंत. दुसऱ्या दिवशी एक माजी सभापती घरी आले आणि ओसरीवर दोन तास बसले. पण त्या बातमीतल्या डाव्या कोपरारक्षकाच्या आईने ते कात्रण काचेच्या चौकटीत बसवून देव्हाऱ्याशेजारी लावलंय, मी पाहिलंय. तिथे चौदा पाहुणे असते तर लावलं नसतं.

भाषेबद्दलही बोललं पाहिजे, कारण ती जायला लागलीय. प्रो कबड्डी २०१४मध्ये आली, पोरांना पैसे मिळाले, घराघरांत खेळ गेला, उत्तमच झालं. पण आमच्या तालुक्यातली दहा वर्षांची मुलं आता ‘ऑल आउट’ म्हणतात. लोण म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद करणं, हे त्यांना सांगावं लागतं. ‘लोण चढवला’ या दोन शब्दांत जो माज आहे तो ‘ऑल आउट’मध्ये कुठून येणार? निदानरेषा, साखळी, अव्वल पकड हे कबड्डीचे शब्द कुठल्या समितीने पाठवले नव्हते. मैदानावर बोलले गेले, सरांसारख्यांनी लिहिले, छापून आले, टिकले. खो-खोत तर तुमच्या मुख्य कार्यालयातला उपसंपादक ‘एक गुण व तीन मिनिटे राखून’ हे वाक्य पाहून मला फोन करतो, ‘हे नक्की काय?’ शेवटची पाळी संपायला तीन मिनिटं असतानाच एका गुणाने पुढे जाऊन जिंकणं, एवढंच ते. त्याची चूक नाही, त्याला कुणी सांगितलंच नाही. २०२५च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताचे महिला आणि पुरुष दोन्ही संघ जिंकले, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर. त्या रात्री सगळीकडे एकच धावाधाव, यांची माहिती कुणाकडे आहे? ज्यांनी असे खेळाडू शालेय स्पर्धेत पाहिलेले असतात त्यांचे फोन नंबर तुमच्याकडे आहेत, कॉलम सेंटीमीटरच्या बिलांवर.

नवी पोरं मात्र काम करतायत, हे कबूल केलं पाहिजे. मोबाईल तिवईला बांधून गावातल्या टेनिस बॉल क्रिकेटचं थेट प्रक्षेपण करतात, बाजूला एकजण मराठीत समालोचन करतो, आणि आखातात नोकरीला असलेला गावकरी रात्री ते बघत बसतो. त्यांचं वर्णन ऐकून सरांनी कपाळावर हात मारला असता, गुणफलक अर्धा अर्धा तास सांगत नाहीत, पण उत्साह खरा आहे. फक्त तेही आमच्यासारखंच वाहून चाललंय. एका मुलाने सामन्यांच्या मागे सिनेमाची गाणी वाजवली, स्वामित्वहक्काच्या तक्रारी आल्या, चॅनल बंद झालं. तीन वर्षांचे सामने गेले. मी त्याला म्हटलं, वही ठेव. तो म्हणाला, ‘काका, वही कोण बघतं?’

माझं मागणं फार नाही. बातमीखाली माणसाचं नाव छापा. त्याला पैसे लागत नाहीत, शाईसुद्धा ‘क्रीडा प्रतिनिधी’पेक्षा कमीच लागेल. नाव छापलं की चूक कुणाची तेही कळतं, त्यामुळे चुका कमी होतात, हा फायदा तुमचा. दुसरं, तुमच्या प्रत्येक जिल्हा कार्यालयाकडे अशा जुन्या वार्ताहरांची यादी आहे. एक शिकाऊ पत्रकार महिनाभर त्यांच्या घरी पाठवा. वह्या आणायच्या नाहीत, म्हातारी माणसं देणार नाहीत. तिथेच बसून एकेका पानाचा फोटो काढायचा आणि प्रती जिल्हा ग्रंथालयात ठेवायच्या. पान लावताना म्हाताऱ्याला बोलतं करायचं, कारण समासात लिहिलेलं ‘पंच पडले, हशा’ याचा अर्थ त्यालाच सांगता येतो. आणि रेडिओवाल्यांनी आठवड्यातून पंधरा मिनिटं काढावीत. ध्वनिमुद्रणं नसतील तर ती माणसं आहेत अजून. त्यांना स्टुडिओत बोलवा, वही समोर ठेवा आणि १९७९ची जिल्हा कबड्डी परत खेळवा. मी पैज लावतो, ती जिवंत ऐकू येईल.

माझ्याकडे सदतीस वह्या आहेत आणि सरांच्या तीन. पत्र्याच्या ट्रंकेत, कडुलिंबाचा पाला घालून. एकीला वाळवी लागलीय, १९९१-९२ची, तिच्यापासून सुरुवात करावी लागेल. या वह्यांचं काय करायचं हे घरच्यांना मी सांगून ठेवलंय, पण आमच्या घरातही फडताळ एकच आहे.

फोन केलात तर बोलीन. फक्त संध्याकाळी पाच ते सात करू नका, त्या वेळी मी मैदानावर असतो.

आपला,
क्रीडा प्रतिनिधी